काचेवर लावलेलं वर्तमानपत्र

तात्या,

तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं होतं. तुम्ही रिटायर होऊन कोकणात गेलात, दोन पावसाळ्यांनी तुमच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं, आणि विचारायला माणूसच उरला नाही. मधल्या वर्षांत मी ते विसरलो होतो असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. जिन्यातली एक फरशी फुटलेली असते आणि आपण तिच्यावर पाय न देता रोज चढतो, तसं त्या गोष्टीचं झालं होतं. गेल्या काही रविवारांत भाजीच्या निमित्तानं ती पुन्हा वर आली आहे. मी सातवीपर्यंतच शिकलो हे तुम्हाला माहीत आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. इन्स्पेक्शनचा रिपोर्ट भरताना चुकायचं तेव्हा तुम्ही लाल पेन्सिलीनं गोल करायचात आणि म्हणायचात, "माप बरोबर आहे ना? मग शब्दाचं नंतर बघू." तेवढ्याच हिमतीवर लिहितो आहे.

मी अजून चिखलीतच आहे. पत्र्याच्या खोल्या होत्या तिथे आता सात मजली बिल्डिंग आहे आणि आम्ही तिच्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट अडकेल म्हणून मी जिन्यानं जातो. रिटायर झाल्यापासून काळजी करणं हेच माझं काम झालं आहे. गॅसचं बटण बंद आहे का, टाकीचं झाकण लावलं का, खालच्या गाड्यांमध्ये डास झाले का. एक दिवस बायको वैतागून म्हणाली, "बटण बघून बघून झिजवाल. खाली ती पोरं भाजी वाटतायत, त्यांच्यात तरी जाऊन बसा." अशी माझी त्या कामावर भरती झाली.

ती पोरं म्हणजे दोघं. एक निघोज्याची मुलगी, शेतकीचा डिप्लोमा केलेली. तिच्या वडिलांचा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे, एका अंगाला कंपनीची भिंत आणि दुसऱ्या अंगाला कंटेनरचा रस्ता. दुसरा आमच्याच बिल्डिंगमधला मुलगा. त्याचे वडील माझ्याबरोबर बसनं कंपनीत यायचे. हा तळवड्याला कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी निघोज्याला जाऊन चिखलात उभा राहतो. त्यांची पद्धत अशी की बी पेरायच्या आधीच घरं ठरतात. अठरा घरं. जे पिकेल ते अठरा घरांचं, सारखं. मधे दलाल नाही, मार्केट नाही. पाऊस फार झाला आणि मेथी कुजली तर अठराही घरांना मेथी नाही, आणि काकडी उदंड आली तर अठराही घरं काकडी खाऊन कंटाळणार. रविवारी सकाळी आठला भाजीचे क्रेट आमच्या पार्किंगमध्ये उतरतात.

मला याचं फार कुतूहल वाटायला लागलं. आम्ही गाव सोडून कंपनीत आलो, ते मातीतून सुटायला आलो. माझ्या बापानं मला लातूरला गाडीत बसवताना सांगितलं होतं की हात काळे झाले तरी चालतील, पण ते तेलानं होऊ देत. आणि हा शिकलेला मुलगा उलटा निघाला होता. मी त्याला विचारलं, "तुला यात मिळतं काय रे?" त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "भाजी, काका." मला वाटलं चेष्टा करतो आहे. पण तो खरंच तेवढंच सांगत होता. एवढ्या कंपन्या, एवढी माणसं, आणि त्यांना जेवायला लागणारं सगळं दुसरीकडून ट्रकमधून येतं, हे त्याला विचित्र वाटतं. मला ते आयुष्यात कधी विचित्र वाटलं नव्हतं. तेव्हापासून वाटतं.

अडचण होती ती मुलीच्या वडिलांची. त्यांना तो तुकडा गोदामासाठी मागणारे लोक घरी येऊन चहा पिऊन जात होते. त्यांनी मुलीला सांगितलं, "दिवाळीपत्तोर बघ. अठरा घरं टिकली तर जमीन तुझ्याकडं. गळाया लागली तर मला इचारू नगंस." म्हणून एकेक घर धरून ठेवणं ही त्या दोघांची रोजची धडपड होती. आणि त्यात मी मदतीला गेलो.

तात्या, मी काय केलं ते ऐका. पहिल्याच रविवारी मला क्रेटमध्ये सगळ्या मापांच्या काकड्या दिसल्या. एक करंगळीएवढी, एक मनगटाएवढी, एक पार कोयत्यासारखी वाकलेली. मला रात्रभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा तुकडा घेतला, त्याला कानशीनं दोन खाचा पाडल्या, एक मोठी आणि एक लहान. मोठ्या खाचेतून काकडी गेली पाहिजे आणि लहान खाचेतून जाता कामा नये. तुम्ही शिकवलेलं गो आणि नो-गो. "डोळा खोटं बोलतो, गेज बोलत नाही," हे तुमचं वाक्यही मी त्या मुलाला ऐकवलं. पुढच्या रविवारी सातलाच खाली जाऊन बसलो. आठपर्यंत अर्धा क्रेट रिजेक्ट काढला आणि एकेका काकडीच्या बुडाला लाल मार्करनं खूणसुद्धा केली.

ती मुलगी आली. लाल ठिपके बघून खाली बसली. एक वाकडी काकडी उचलून तिनं ठिपका अंगठ्यानं पुसायला घेतला, पण तो पुसला जाईना. म्हणाली, "काका, ही रिजेक्ट न्हाई. काकडी हाय."

मी म्हटलं, "वाकडी आहे."

"मग? तुमास्नी कुठं शाफ्टात बसवायचीय?"

तो मुलगा इतका हसला की त्याला पाठ फिरवावी लागली. मीही हसलो, पण मला वाईट वाटलं होतं. तिनं भिंतीच्या सावलीत वाढवलेल्या त्या काकड्या होत्या. तिकडे ऊन दुपारनंतर येत नाही, म्हणून वेल उजेडाकडे वळतो आणि काकडी वाकते, हे तिनं मला नंतर निघोज्याला नेऊन दाखवलं. मी तिथे बराच वेळ बसून होतो. वाकण्याला कारण असतं हे मला साठ वर्षं ओलांडल्यावर कळत होतं. आपल्याकडे वाकडा आलेला शाफ्ट का वाकला हे विचारायचं काम दुसऱ्या खात्याचं होतं.

पण माझ्या लाल ठिपक्यांनी व्हायचं ते नुकसान केलं. लोकांना चांगलं आणि वाईट असं दोन भागांत बघायची सवय लागली. त्याआधी हात घालतील ते घेत होते, आता निवडायला लागले. आठला येणारे सरळ आणि कोवळं घेऊन जात आणि उशिरा येणाऱ्याला उरलेलं मिळे. उशिरा कायम एकच बाई यायच्या, बी विंगच्या तळमजल्यावरच्या. चाकणला एका कंपनीत लाइनवर आहेत, शनिवारची त्यांना तिसरी शिफ्ट असते आणि रविवारी बस त्यांना साडेनऊला सोडते. घरी त्या आणि सासू, दोघीच. एका रविवारी त्यांनी क्रेटमध्ये वाकून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सारखा वाटा म्हणून नाव घातलं ना मी? मला दर वेळी जून दोडके. तुमच्या सारख्याचा अर्थ तरी सांगा एकदा."

ए विंगमधले एक गृहस्थ स्कूटरवर पिशवी अडकवत होते. ते म्हणाले, "ताई, लवकर यायचं मग."

"तुम्ही सांगा ना भाऊ कंपनीला. तुमच्या शब्दावर बस लवकर सोडतील."

 बाई पुढच्या महिन्यापासून नाव काढा म्हणाल्या आणि त्यांच्या मागून आणखी दोन घरांनी मान डोलावली. मुलगी रिकामे क्रेट एकात एक घालत होती. तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालले होते. मुलगा म्हणाला की फोनवर टोकन पद्धत काढू. ती म्हणाली, "टोकननं दोडका कवळा व्हतो व्हय रं?" मग दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. चूक माझी होती हे ते बोलले नाहीत. म्हणून मला जास्त लागलं.

त्या दुपारी मला तुमचे रायवळ आंबे आठवले.

मे महिन्यात तुम्ही गावाहून यायचात तेव्हा खांद्यावर पोतं असायचं. रायवळ, म्हणजे सगळ्या आकारांचे. लिंबाएवढ्यापासून मुठीत न मावणाऱ्यापर्यंत. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही ते इन्स्पेक्शन रूममध्ये आणायचात आणि मापं तपासायच्या सरफेस प्लेटवर वर्तमानपत्र पसरायचात. ज्या प्लेटवर मी एकदा चहाचा कप टेकवला म्हणून तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात, त्याच प्लेटवर आंबे. कुणीतरी विचारलं तर म्हणालात, "वाटे घालायचे तर जागा सपाट हवी. कंपनीत यापेक्षा सपाट जागा आहे का?" मग एकही गेज न घेता, वजन न करता, नुसत्या हातानं दहा वाटे. मोठ्याबरोबर लहान, पिकल्याबरोबर कच्चा. आणि मला म्हणायचात, "तू नवा आहेस, तू पाठमोरा उभा राहा." मी तोंड फिरवून काचेच्या भिंतीकडे बघत उभा. तुम्ही एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचात, "हा कोणाचा?" मी म्हणायचं, "लेथ तीन." "हा कोणाचा?" "ड्रिलिंग." वाटे बघायचे नाहीत, फक्त माणूस सांगायचा. तुमचं स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घ्यायचं. तुमच्या गावात मासे, मटण, सगळं असंच वाटतात म्हणालात. कुणाला तक्रार करायला जागाच उरत नाही.

आता ते सांगतो. जेवणाच्या सुट्टीत काचेपलीकडे शॉपमधले, म्हणजे मशीनच्या हॉलमधले, दिवे बंद असायचे आणि आपल्या खोलीतली ट्यूब चालू. अंधारापुढे उभी असलेली ती काच आरसा व्हायची. मला प्लेट दिसायची, वाटे दिसायचे, तुमचं बोट दिसायचं. एका वाट्यात कायम एक आंबा जास्त असायचा. तुमचं बोट तिथे आलं की मी म्हणायचो, "इन्स्पेक्शन, नवा." तीन उन्हाळे मी हे केलं. मी तेव्हा टेंपररी होतो, घरी दोन लहान पोरं होती, आणि तो जास्तीचा आंबा मी त्या दोघांत चिरून द्यायचो. चौथ्या वर्षी मी पर्मनंट झालो. त्या मे महिन्यात मी तोंड फिरवून उभा राहिलो तर समोर काचेवर आतून वर्तमानपत्र लावलेलं. चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या, सरळ रेषेत. माझे कान तापले. तुम्ही नेहमीच्याच आवाजात विचारलंत, "हा कोणाचा?" आणि मी आंधळ्यासारखी नावं सांगत गेलो. त्यावर तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत. मी चोर ठरलो आणि चारचौघांत वाचलो, एवढंच मी त्यातून घेतलं आणि आजवर सांभाळलं.

ही वाट्यांची पद्धत मी त्या दोघांना सांगितली. वर्तमानपत्राचं सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, "भारी आहे राव, रँडम आहे आणि फोन लागत नाही." मुलगी म्हणाली त्यांच्याकडेही जुन्या लोकांत असंच होतं. बी विंगच्या बाईंना जिन्यात गाठून मी म्हटलं, एक रविवार बघा. त्या म्हणाल्या, "बघते. पण माझा वाटा माझ्यामागं घालणार ना? मग बघण्यासारखं काय?" मी म्हटलं, "सगळ्यांच्याच मागे घालणार. मीसुद्धा पाठमोरा."

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये ताडपत्री पसरली. जागा सपाट नव्हती, पण चालवून घेतलं. मी अठरा वाटे घातले. आधी एकेक मोजून घालत होतो. मग कधी नुसत्या हातानं घालायला लागलो ते कळलं नाही. मुलगा मधेच एका वाट्यात काहीतरी टाकून गेला आणि मी दहा पावलांवरून म्हटलं, "त्यात एक टोमॅटो जास्त झाला." त्यानं मोजून बघितलं. खरंच एक जास्त होता. "काका, तुम्ही स्कॅनर आहात," तो म्हणाला, आणि मी हातातलं काम सोडून खाली बसलो.

कारण मला, तुमच्या शिष्याला, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, दहा पावलांवरून एक टोमॅटो कळतो. तुमच्या बोटाला केसाच्या दहाव्या भागाचा चढ कळायचा. मग तुमच्या हातानं घातलेल्या वाट्यात, तीन वर्षं, दर वर्षी, एक आंबा चुकून जास्त कसा जाईल? आणि तुमचा स्वतःचा वाटा, शेवटचा, तो बाकीच्यांसारखा पिशवीत न जाता तुमच्या रुमालात मावायचा, तो का? मी ताडपत्रीवर उकिडवा बसून राहिलो. मुलीनं विचारलं, "चक्कर आली का काका?" मी नाही म्हटलं.

तात्या, मला हेच विचारायचं आहे. काच तुम्हाला पहिल्यापासून माहीत होती का? की मी पर्मनंट होईपर्यंत तुम्ही ती उघडी ठेवली होती?

पुढचं सांगतो. मी तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिलो आणि समोर ए विंगवाल्या गृहस्थांची स्कूटर होती. तिच्या आरशात सगळी ताडपत्री दिसत होती. योगायोग म्हणा. त्या दिवशी मुलीनं बांधावरची अंबाडी आणली होती, एकच जुडी, ती एकाच वाट्यावर ठेवली होती. माझी बायको पंधरा दिवस अंबाडीची आठवण काढत होती. आमच्याकडे कण्या घालून करतात. मुलाचं बोट त्या वाट्यावर आलं. "हा कोणाचा?" मी म्हटलं, "बी विंग, तळमजला." साडेनऊला त्या बाई आल्या, आपला वाटा बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, अंबाडी. सासूबाई खूश होतील." नाव काढायचं त्या बोलल्या नाहीत. बाकी दोन घरांनीही विषय काढला नाही. मुलगा मला खुशीत टाळी द्यायला आला.

मला मात्र आठवडाभर बरं वाटलं नाही. आपण तात्यांसारखं केलं, असं दोन दिवस वाटलं. मग लक्षात आलं की तुम्ही दिलात तो आंबा तुमच्या रुमालातला होता, आणि मी दिलेली अंबाडी अठरा घरांची होती. ती कुणालाही नशिबानं मिळायची होती, ती मी ठरवून दिली. आणि ज्या डोळ्यानं आज त्या बाईंना दिली, त्या डोळ्यानं उद्या मी कुणाला देईन हे मला तरी कुठं माहीत आहे?

पुढच्या रविवारी वाटे घालून झाल्यावर मी माझी कापडी पिशवी स्कूटरच्या आरशावर अडकवली. मुलीनं विचारलं, "आरसा का झाकलासा?" मी म्हटलं, "ऊन येतं डोळ्यावर." आमच्या पार्किंगमध्ये ऊन येत नाही. तिनं आरशाकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय, ऊन लईच हाय," ती म्हणाली आणि पदरासारखी ओढणी खोचून कामाला लागली.

त्याच रविवारी तिचे वडील आले होते. न सांगता. टेम्पोच्या मागे पांढरी टोपी घालून उभे. सगळे वाटे पुकारून होईपर्यंत ते बघत राहिले. मग मला म्हणाले, "आमच्यात बोकडाचं वाटं आसंच घालत्यात. मला वाटलं ह्या पोरांनी काय कंपूटर लावला आसंल." मी म्हटलं, "कंप्युटर पाठमोरा उभा राहत नाही." ते थोडं हसले. अठरा वाटे त्यांनी काठीच्या टोकानं हवेत मोजले. गोदामाचं काही बोलले नाहीत. निघताना पोरीला म्हणाले, "पुढल्या बारीला एकुणीस घाल." तिनं विचारलं, "एकुणिसावा कुणाचा?" ते टेम्पोत चढता चढता म्हणाले, "मला का इचारतीस? तोंड फिरवून हुबं ऱ्हातंय त्याला इचार."

दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत. माणसाचं मन कधी फिरेल याचा भरवसा नाही, त्यामुळे मी काळजी करतोच आहे. त्या मुलीला वाटतं जमीन राहिली. त्या मुलाला वाटतं पुढच्या वर्षी दोन तुकडे होतील आणि तळवड्यालाही वाटे पडतील. मला वाटतं आधी एकोणीस घालून बघू. एकोणीस वाटे अठरांपेक्षा अवघड, रांगा सारख्या होत नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते तुमच्या व्हर्नियरच्या लाकडी पेटीत ठेवणार आहे. जाताना तुम्ही ती मला दिलीत तेव्हा मला वाटलं होतं की चोरालाही कुणी बक्षीस देतं का. आता वेगळं वाटतं, पण खात्री नाही.

आणि एक राहिलं. त्या अंबाडीच्या रविवारी बायकोनं पिशवी उलटी करून बघितली आणि विचारलं, अंबाडी नव्हती का? मी म्हटलं, या वेळी अंबाडी आलीच नव्हती. अजून तिला तेच माहीत आहे.